उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ: सूत्र एका ओळीचं, बाकीचा कोड कशासाठी?

"दादा, तुझा कॅल्क्युलेटर आणि आमचा चार्ट जुळत नाहीये."

मामेबहिणीचा फोन आला तेव्हा मी रामबागेतल्या घरी पोह्यांवर सेव पसरत होतो. ती इंदुरातल्या एका केमोथेरपी डे-केअरमध्ये सिस्टर आहे. त्यांच्यासाठी मी शरीराचं क्षेत्रफळ काढणारं एक छोटं पान बनवून दिलं होतं. उंची टाका, वजन टाका, उत्तर घ्या. एका संध्याकाळचं काम, असं मला वाटलं होतं.

"सत्तर किलोचा पेशंट आहे. तू दाखवतोयस १.७४. आम्ही काढलं तर १.८६."

"उंची काय टाकलीस?"

"पाच दहा."

"अगं, टाकलीस कशी ते सांग."

"कशी म्हणजे? पाच टिंब दहा."

पोहे तिथेच राहिले. ५.१० हे माणसासाठी पाच फूट दहा इंच. कंप्युटरसाठी ते ५.१, शेवटच्या शून्याला तो किंमत देत नाही. माझ्या कोडनं त्याचे पाच फूट एक इंच केले आणि माणूस नऊ इंचांनी बुटका झाला. चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम असं औषध असेल, तर १३९ च्या जागी १३० मिलिग्रॅम. त्यांच्याकडे दोन सिस्टर वेगवेगळा हिशेब करून ताडून बघतात, म्हणून ही चूक कागदावरच सापडली.

तेव्हापासून तो कोड मी तीनदा नव्यानं लिहिला. सूत्राची ओळ तिन्ही वेळा तीच राहिली, बदललं ते तिच्या आजूबाजूचं. हा लेख त्याच क्रमानं लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो: हे कोड लिहिणाऱ्यांसाठी आहे. औषधाचा डोस डॉक्टर आणि फार्मासिस्ट ठरवतात. आपला प्रोग्राम त्यांच्या हिशेबाला पडताळा देतो, त्यांची जागा घेत नाही.

क्षेत्रफळ कशाला हवं?

शरीराचं क्षेत्रफळ, दवाखान्यातल्या बोलीत बीएसए, चौरस मीटरमध्ये मोजतात. मोठ्या माणसाचं साधारण दीड ते दोनच्या दरम्यान, नवजात बाळाचं ०.२ च्या आसपास. केमोथेरपीची बरीच औषधं याच मापावर देतात. हृदय मिनिटाला किती लिटर रक्त फेकतं त्याला बीएसएनं भागलं की कार्डियाक इंडेक्स मिळतो. मूत्रपिंडाच्या रिपोर्टवर "प्रति १.७३ चौरस मीटर" असं लिहिलेलं असतं, तेही हेच. तो १.७३ चा आकडा १९२८ सालचा आहे, अमेरिकेतल्या पंचवीस वर्षांच्या माणसांच्या सरासरीवरून घेतलेला, आणि अजून चालतोय.

नुसत्या वजनावर का भागत नाही? एक मोठा लाडू घ्या आणि त्याचे आठ सारखे छोटे लाडू वळा. ऐवज तेवढाच, पण वरून खोबरं लावायला गेलात तर बरोबर दुप्पट लागेल. लहान देहाला वजनाच्या मानानं पृष्ठभाग जास्त असतो. म्हणून वजन दुप्पट झालं तरी क्षेत्रफळ दुप्पट होत नाही.

ही लाडवाची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कोड तपासताना ती कामाला येणार आहे.

कुठलं सूत्र घ्यायचं?

सूत्रं डझनावारी आहेत. कोडमध्ये हमखास भेटतात ती पाच. सगळीकडे उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये, बॉइडचं सोडून.

ड्यू बॉय आणि ड्यू बॉय, १९१६: ०.००७१८४ × वजन^०.४२५ × उंची^०.७२५

बॉइड, १९३५: हे खाली वेगळं घेतलंय, कारण ते वाकडं आहे.

गेहान आणि जॉर्ज, १९७०: ०.०२३५ × वजन^०.५१४५६ × उंची^०.४२२४६

हेकॉक, १९७८: ०.०२४२६५ × वजन^०.५३७८ × उंची^०.३९६४

मोस्टेलर, १९८७: (उंची × वजन ÷ ३६००) याचं वर्गमूळ

ड्यू बॉय यांचं सूत्र सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात जुन्यांपैकी. त्यासाठी अंगावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून साचे केले, ते कापून सपाट केले आणि क्षेत्रफळ मोजलं. अशी माणसं होती फक्त नऊ. शंभर वर्षांहून जास्त काळ जगभर वापरलं गेलेलं सूत्र नऊ माणसांवर उभं आहे, हे वाचल्यापासून दशांशानंतरचे सहा आकडे बघून मला दबून जायला होत नाही. गेहान आणि जॉर्ज यांनी ४०१ जणांची मापं वापरली. मोस्टेलरनं त्यांचंच सूत्र सोपं केलं: दोन्ही घात अर्धे, पुढचा गुणक एक साठांश. साठाचा वर्ग ३६००, म्हणून मुळाच्या आत ३६००. साध्या कॅल्क्युलेटरवर किंवा मोबाइलवरही जमतं, त्यामुळे वॉर्डात हेच रुळलं.

१६० सेंटिमीटर आणि ६० किलोच्या माणसासाठी पाचही चालवून बघितली. ड्यू बॉय १.६२२, मोस्टेलर १.६३३, हेकॉक १.६४१, गेहान-जॉर्ज १.६४९, बॉइड १.६५६. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या उत्तरात दोन टक्क्यांचा फरक. मोठ्या माणसांत सूत्रावरून भांडण्यात फारसा अर्थ नाही.

बाळांचं तसं नाही. ५० सेंटिमीटर, ३ किलोचं नवजात बाळ घ्या. हेकॉक ०.२०७ सांगतं, मोस्टेलर ०.२०४, आणि ड्यू बॉय ०.१९५. इथे अंतर पावणेसहा टक्क्यांपर्यंत जातं. हेकॉकनं तान्ह्या मुलांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांची मापं घेतली होती, म्हणून मुलांसाठी ते किंवा मोस्टेलर बरं. ड्यू बॉय लहान बाळांना कमी दाखवतं.

माझं मत: मोस्टेलर आधी लिहा, हेकॉक आणि ड्यू बॉय सोबत ठेवा, आणि कुठलं वापरायचं ते दवाखान्याला ठरवू द्या. आपण परस्पर ठरवायचं नाही. तिथल्या फाइलमध्ये मागची सहा चक्रं ड्यू बॉयवर काढलेली असतील आणि सातवं आपण मोस्टेलरवर काढलं, तर वजन न बदलता डोस बदलेल आणि का बदलला ते कोणाला कळणार नाही.

सूत्राचा कोड

खालचे आराखडे मी मराठीत लिहिलेत. कीवर्ड तुमच्या भाषेतले घाला. नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी चालतात. पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट, दोन्हींत "उंची_सेमी" हे व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनतक्रार चालतं. आकडे तेवढे इंग्रजी लिपीत टाका. कोडच्या ओळीत थेट १६० असं देवनागरीत लिहिलंत, तर दोन्ही भाषा ती ओळ नाकारतात.

फंक्शन मोस्टेलर(उंची_सेमी, वजन_किलो):
    परत वर्गमूळ(उंची_सेमी × वजन_किलो ÷ ३६००)

फंक्शन घात_सूत्र(गुणक, व_घात, उ_घात, उंची_सेमी, वजन_किलो):
    परत गुणक × घात(वजन_किलो, व_घात) × घात(उंची_सेमी, उ_घात)

ड्यू बॉय, हेकॉक, गेहान-जॉर्ज या तिघांसाठी दुसरं एकच फंक्शन पुरतं. तीन आकड्यांचं कोष्टक वेगळं ठेवा आणि त्यातून आकडे उचला. तीन वेगळी फंक्शनं लिहायला गेलात, तर कॉपी-पेस्टमध्ये एखादा घात जुनाच राहतो. माझा राहिला होता.

नावात एकक आहे ते बघा. नुसतं "उंची" नाही, "उंची_सेमी". हा हट्ट सोडू नका. सहा महिन्यांनी कोड उघडाल तेव्हा उंची मीटरमध्ये होती की सेंटिमीटरमध्ये, हे आठवत नाही. मोस्टेलरमध्ये १६० च्या जागी १.६० गेलं तर उत्तर बरोबर दहावा भाग येतं, ०.१६३. नवजात बाळाहूनही कमी, म्हणजे लगेच लक्षात येतं. सगळ्या चुका इतक्या भल्या नसतात.

या ओळीतच बसलेले सापळे

पहिला घाताचा. एक्सेलमध्ये ^ म्हणजे घात. तिथून सूत्र उचलून कोडमध्ये आणलं की गोंधळ सुरू, कारण पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये ^ म्हणजे बिटांची क्रिया, घाताचा तिच्याशी संबंध नाही. घातासाठी ** किंवा घाताचं फंक्शन वापरायचं. पायथन निदान दशांश आकड्यांवर ^ लावल्यावर थांबतो आणि एरर देतो. जावास्क्रिप्ट चकार शब्द काढत नाही. ड्यू बॉयचं सूत्र ^ ठेवून तिथे जसंच्या तसं उतरवा, वजन ६०, उंची १६० द्या, उत्तर येतं ६८. अडुसष्ट चौरस मीटर! म्हणजे सुमारे ७३२ चौरस फूट, इंदूरच्या विजयनगरात छोटा टू बीएचके होईल.

दुसरा पूर्णांक भागाकाराचा. सी किंवा जावात उंची आणि वजन दोन्ही पूर्णांक म्हणून घेतले, तर ९६०० ÷ ३६०० चं उत्तर २ येतं, पुढचं सगळं कापलं जातं. त्याचं वर्गमूळ १.४१४. हा सापळा मला सगळ्यात भीतीदायक वाटतो, कारण १.४१ हे एखाद्या बारक्या माणसाचं खरं बीएसए असू शकतं. बघणाऱ्याला शंका येत नाही. ३६०० च्या जागी ३६००.० लिहिलं की प्रश्न मिटला.

तिसरा बॉइडचा, आणि त्यात दोन भानगडी एकत्र. सूत्र असं:

०.०००३२०७ × उंची^०.३ × वजन_ग्रॅम^(०.७२८५ − ०.०१८८ × लॉग(वजन_ग्रॅम))

वजन ग्रॅममध्ये, आणि लॉग दहाच्या पायाचा. एक्सेलमध्ये साधं लॉग लिहिलं की दहाचाच पाया धरतात. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये साधं लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, दहाच्या पायाचं फंक्शन वेगळं. नैसर्गिक लॉग वापरला तर आपल्या ६० किलोच्या माणसाचं बीएसए १.६५६ वरून ०.४५७ वर येतं. खरं सांगायचं तर कोणी मुद्दाम मागितल्याशिवाय बॉइड घालूच नका.

आता तो लाडू आठवा. लांबी दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो आणि वजन आठपट. म्हणजे क्षेत्रफळ लांबीच्या वर्गासारखं वाढतं, वजन घनासारखं. त्यामुळे कुठल्याही घात-सूत्रात वजनाच्या घाताची तिप्पट अधिक उंचीचा घात मिळून २ च्या जवळपास यायला हवेत. ड्यू बॉयमध्ये ०.४२५ ची तिप्पट १.२७५, त्यात ०.७२५ मिळवले की बरोब्बर २. मोस्टेलरमध्ये दीड अधिक अर्धा, पुन्हा २. हेकॉकमध्ये २.०१, गेहान-जॉर्जमध्ये १.९७. कोणी दुसरीकडून सूत्र उतरवून आणलं की मी आधी ही बेरीज करतो. घात उलटसुलट लागले असतील किंवा टायपिंगमध्ये आकडा सुटला असेल, तर इथेच कळतं. ड्यू बॉयचे घात आपापसात बदलले तर ही बेरीज २.६ येते.

उंची-वजन अदलाबदल: मोस्टेलरचं सोंग

हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. मोस्टेलरमध्ये उंची आणि वजन यांचा नुसता गुणाकार आहे. मग फंक्शनला आधी वजन दिलं काय आणि आधी उंची दिली काय, उत्तर तेच. कोडमध्ये दोन्ही उलटे गेले असतील तर मोस्टेलरच्या सगळ्या टेस्ट पास होतात. वर्षभर काम बिनबोभाट चालतं. मग एखादा म्हणतो, आम्हाला ड्यू बॉय हवं. तुम्ही सूत्र बदलता आणि १.६२ च्या जागी १.२१ यायला लागतं. दोष नव्या सूत्रावर जातो, आणि तो बिचारा पहिल्या दिवसापासून आपल्या कोडमध्ये असतो.

यावर दोन उपाय. फंक्शनला आकडे नावानिशी द्या, नुसते क्रमानं नाही. पायथनमध्ये हे सोपं आहे, जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्ट पाठवा. आणि टेस्टमध्ये ड्यू बॉय नेहमी ठेवा, दवाखाना तो वापरत नसला तरी. अदलाबदल पकडायला तो पहारेकरी चांगला.

आकडा आत कसा येतो

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी जागा. आपल्याकडे वजन किलोत सांगतात आणि उंची फुटांत. लग्नाच्या बायोडेटापासून पोलीस भरतीच्या गप्पांपर्यंत हीच रीत. शाळेच्या आरोग्य कार्डावर तेवढे सेंटिमीटर. वॉर्डात दोन्ही येणार, आणि फुटांतली उंची टिंब देऊन येणार.

५.१० ची गोष्ट वर सांगितली. मोस्टेलरनं बघितलं तर ७० किलोला १७७.८ सेंटिमीटरचं १.८५९ येतं आणि १५४.९४ चं १.७३६. उत्तर असं की कुठलीही मर्यादा ओलांडत नाही. उंची शक्य, वजन शक्य, बीएमआयसुद्धा २९, म्हणजे रोज दिसणारा. कितीही तपासण्या लावा, ही चूक आत आल्यावर सापडत नाही. तिला दारातच अडवावं लागतं.

म्हणून फुटांसाठी दोन चौकटी ठेवा. एक फुटांची, एक इंचांची. एकच चौकट आणि वर "उदा. ५.६" अशी सूचना, हे अजिबात करू नका. मी केलं होतं.

फंक्शन फूट_इंच_ते_सेमी(फूट, इंच):
    जर फूट पूर्णांक नसेल: थांबा, "फूट पूर्ण आकड्यात द्या"
    जर (० ≤ इंच आणि इंच < १२) नसेल: थांबा, "इंच ० ते ११ मध्ये द्या"
    परत (फूट × १२ + इंच) × २.५४

इंच अर्धा असू शकतो, साडेसहा वगैरे, म्हणून त्याला पूर्णांकाची सक्ती नाही. २.५४ हा गोळाबेरीज आकडा नाही; १९५९ पासून इंचाची व्याख्याच तेवढी आहे. आणि सेंटिमीटरच्या चौकटीत कोणी ५.१० टाकलं तर? ५.१ सेंटिमीटरचा माणूस नसतो, तेव्हा तिथे थेट नकार द्यायचा. "फूट द्यायचे आहेत का?" असं विचारून दोन चौकटी पुढे करा. अंदाज बांधून स्वतःच बदल करू नका, विचारा.

मग देवनागरी आकडे. मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर असला की लोक १६५ असं टाकतात, आणि ते चूक कसं म्हणणार? पायथनमध्ये मजकुरातून आलेला "१६५" दशांश संख्येत आपोआप बदलतो, "१.७३" सुद्धा. पहिल्यांदा हे चाललेलं बघून मी आनंदानं बायकोला हाक मारली होती. तिला काही विशेष वाटलं नाही. जावास्क्रिप्टमध्ये मात्र त्याचं नॅन होतं, म्हणजे "संख्याच नाही". तिथे ० ते ९ हे देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलणारी एक ओळ आधी घाला. सर्व्हर पायथनचा आणि पान जावास्क्रिप्टचं असेल, तर एकीकडे चालतं आणि दुसरीकडे नाही असा विचित्र प्रकार होतो. बदल पानावरच करून टाका.

नॅनची आणखी एक खोड. ते कशापेक्षाही कमी, जास्त किंवा सारखं आहे का असं विचारलं तरी उत्तर "नाही" येतं. तुम्ही लिहिलंत की "उंची ३० पेक्षा कमी किंवा २५० पेक्षा जास्त असेल तर थांब", तर नॅन दोन्हींतून निसटतं आणि ऐटीत आत जातं. तपासणी उलटी लिहा: "उंची ३० ते २५० मध्ये आहे असं नसेल, तर थांब." शब्दांचा खेळ वाटतो, पण पहिल्यात नॅन आत जातं आणि दुसऱ्यात बाहेर राहतं. वरच्या इंचांच्या ओळीत "नसेल" आहे ते त्यासाठीच.

मर्यादा: थांबवायचं कुठे, विचारायचं कुठे

दोन पातळ्या ठेवा. अशक्य आकड्यावर थांबायचं, विचित्र आकड्यावर विचारायचं.

फंक्शन तपास(उंची_सेमी, वजन_किलो):
    जर (३० ≤ उंची_सेमी ≤ २५०) नसेल: थांबा
    जर (०.४ ≤ वजन_किलो ≤ ३५०) नसेल: थांबा
    बीएमआय = वजन_किलो ÷ (उंची_सेमी ÷ १००)²
    जर (१० ≤ बीएमआय ≤ ६०) नसेल: विचारा, "उंची-वजन पुन्हा बघा"

हे आकडे माझे, तुमच्या दवाखान्याला विचारून बदला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड असेल तर खालच्या मर्यादा वेगळ्या लागतील.

बीएमआयचा इथे उपयोग माणूस जाड की बारीक हे सांगायला नाही. उंची आणि वजन एकमेकांना शोभतात का, एवढंच तो बघतो. ६० सेंटिमीटर उंच आणि १६० किलो वजन अशी अदलाबदल झाली की बीएमआय ४४४ येतो आणि सोंग तिथेच उघडं पडतं. बाळाचं वजन ग्रॅममध्ये, ३२०० म्हणून आलं तर दुसरी ओळच अडवते.

"विचारा" म्हणजे खरंच विचारा. खूप जाड किंवा खूप खंगलेले पेशंट असतात, विशेषतः तिथे. त्यांच्यासाठी पान बंद पडलं तर सिस्टर त्याचा वापर सोडून देतील आणि मोबाइलवर गुणाकार करतील. "आकडे बरोबर आहेत" असं बटण द्या, आणि ते कोणी दाबलं याची नोंद ठेवा.

गोळाबेरीज शेवटी, एकदाच

पडद्यावर दोन दशांश पुरेत. पण पुढच्या हिशेबाला पूर्ण आकडा द्या. १.६३२९९ × ७५ म्हणजे १२२.५. आधी १.६ करून घेतलं तर १२०. औषध कुठल्या मापात बसवायचं, कुपीत किती मिलिग्रॅम मिळतात, हा फार्मासिस्टचा प्रश्न, आपण मध्ये कापाकापी करायची नाही.

शिवाय कंप्युटरची गोळाबेरीज शाळेसारखी नसते. पायथनला २.६७५ दोन दशांशांत द्यायला सांगा, तो २.६७ देतो, २.६८ नाही. आत तो आकडा २.६७५ पेक्षा किंचित कमी साठवलेला असतो. कागदावर हिशेब करणारी सिस्टर २.६८ लिहील आणि तुमचं पान २.६७ दाखवेल. फरक औषधात काहीच नाही, पण फोन येतो.

बीएसए २ वर कापायचं का, हा प्रश्नही येतो. जाड माणसांच्या बाबतीत ही जुनी सवय होती. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत खऱ्या वजनावर पूर्ण डोस द्यावा असं सांगितलं. तेव्हा "२ पेक्षा जास्त असेल तर २ कर" अशी ओळ सूत्राच्या फंक्शनमध्ये पुरून ठेवू नका. काही औषधांना स्वतःची मर्यादा असते: व्हिन्क्रिस्टिन चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम असलं, तरी एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. ती मर्यादा त्या औषधाची, क्षेत्रफळाची नाही. कार्बोप्लॅटिन तर बीएसएवर सहसा देतच नाहीत. १९८९ च्या कॅल्व्हर्ट सूत्रानं मूत्रपिंडाच्या कामावरून काढतात. क्षेत्रफळ काढणाऱ्या फंक्शननं फक्त क्षेत्रफळ काढावं.

टेस्ट

मोस्टेलरसाठी तोंडी जमतील असे आकडे घ्या. १०० सेंटिमीटर, ३६ किलो: बरोबर १. १६२ आणि ५०: बरोबर १.५. १८० आणि ८०: बरोबर २. ड्यू बॉयला १६०, ६० वर १.६२२ आणि १८०, ८० वर १.९९६ यायला हवं. हेकॉकला ५०, ३ वर ०.२०७. त्यानंतर वाईट आकडे: रिकामी चौकट, शून्य, उणे, "१६५", १.६०, अदलाबदल, बारा इंच. रिकाम्या चौकटीकडे लक्ष द्या, जावास्क्रिप्ट रिकाम्या मजकुराचं शून्य करतं.

शेवटी नोंद. उत्तरासोबत उंची, वजन, वजन कधी घेतलं ती तारीख आणि सूत्राचं नाव साठवा. केमोत वजन उतरतं. बऱ्याच ठिकाणी ते पाच ते दहा टक्क्यांनी बदललं की डोस पुन्हा काढतात, आणि मागचं वजन कधीचं हेच माहीत नसेल तर टक्के कशाचे काढणार?

दोन चौकटींचं नवं पान मी पुढच्या रविवारी चढवलं आणि बहिणीला कळवलं. सोमवारी पुन्हा फोन.

"दादा, पेशंट म्हणतायत उंची साडेपाच. इंचाच्या चौकटीत पाच टाकू की सहा?"

"साडेपाच म्हणजे पाच फूट सहा इंच."

"त्यांची मुलगी म्हणतेय पाच फूट पाच."

"मग सहा नको टाकूस. पाचही नको. भिंतीला पट्टी आहे ना तुमच्याकडे? चपला काढून उभं कर त्यांना."